इंग्रजीच्या तासाला नॉर्वेजियन बंद करावी का?

ध्रुवतारा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मी नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला राहते आणि इथल्या एका उंगदॉम्सस्कूलेत, म्हणजे आठवी ते दहावीच्या शाळेत, इंग्रजी शिकवते. आमच्या शिक्षकांच्या बैठकीत सध्या एक प्रस्ताव आहे: इंग्रजीच्या तासाला नॉर्वेजियन पूर्ण बंद, आणि जो बोलेल त्याचे तोंडी गुण कमी. मी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली आहे. मला प्रस्ताव पटत नाही, पण 'पटत नाही' एवढ्यावर बैठकीत काही चालत नाही. इथे दोन-तीन भाषांत वाढलेली पुष्कळ मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय.

थोडी पार्श्वभूमी देते. १९९७ च्या शैक्षणिक बदलापासून इथली मुलं सहाव्या वर्षी शाळेत जातात आणि पहिलीपासून इंग्रजी शिकतात. अगदी लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर टीव्हीवर इंग्रजीचं डबिंग होत नाही, मूळ आवाज आणि खाली नॉर्वेजियन ओळी. वर गेम आणि यूट्यूब आहेतच. अभ्यासक्रमातसुद्धा इंग्रजीला परक्या भाषांच्या गटात धरत नाहीत. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश त्या गटात, तेही आठवीपासून. त्यामुळे 'शब्द अडतो म्हणून मुलं नॉर्वेजियनवर येतात' हे कारण मला पहिल्यापासून तोकडं वाटत आलंय.

गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांना चार-चारच्या गटांत बसवून हवामानबदलावर तीन मिनिटं बोलायची तयारी करायला सांगितली आणि, त्यांना सांगूनच, वही घेऊन एका गटाशेजारी बसले. सुरुवात झाली स्वच्छ इंग्रजीत: 'ओके, वी नीड थ्री आर्ग्युमेंट्स.' लगेच दुसरी म्हणाली, 'केम स्का स्क्रीव?' म्हणजे लिहिणार कोण? ते ठरलं आणि पुन्हा इंग्रजी. मग 'वेट, का हेते द्रीवहूसएफेक्त?' ग्रीनहाउस इफेक्ट, असं तिसऱ्याने सांगितलं, पुन्हा इंग्रजी. एक मुलगा तर अख्खं वाक्य इंग्रजीत बोलतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी नॉर्वेजियनची झालर लावतो: 'धिस इज लिक्सॉम द मेन प्रॉब्लेम, इक्के सांट?' लिक्सॉम म्हणजे आपलं 'म्हणजे कसं', आणि इक्के सांट म्हणजे 'हो की नाही'.

वीस मिनिटांत मी एकतीस वेळा भाषा बदललेली टिपली. त्यात शब्द अडला म्हणून फक्त सहा वेळा. बाकी सगळी कामाची वाटणी, वेळ किती उरला, कुणाची तरी चेष्टा, आणि 'हे मी भाषणातलं बोलत नाहीये, तुझ्याशी बोलतेय' असं सुचवणं. इंग्रजी म्हणजे मंचावरची भाषा, नॉर्वेजियन म्हणजे पडद्यामागची, असं काहीसं मला त्यात दिसलं.

गंमत पुढे आहे. घंटा झाली, मुलं बाहेर पडली आणि तीच मुलगी मैत्रिणीला म्हणाली, 'ॲ ए सो डन मे दे हॅर.' मला याचा कंटाळा आलाय. डन इंग्रजी, बाकी सगळं खास ट्रॉन्डहाइमचं. म्हणजे तासाला नॉर्वेजियन शिरते आणि सुट्टीत इंग्रजी. दोन्ही ठिकाणी मुलं भाषेला एखादं काम देत असतात, ते काम कोणतं हे न ऐकता दार लावून घेणं मला बरोबर वाटत नाही.

तुमचे अनुभव सांगा. विरोधी मतं जास्त हवी आहेत.

---

केतकी७ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४८

छान धागा. 'सो डन'वरून आठवलं, माझ्याकडे जर्मनीत असताना एक नॉर्वेजियन सहकारी होती. ती घरच्यांशी फोनवर बोलताना शेवटी नेहमी इंग्रजीत 'लव्ह यू' म्हणायची. नॉर्वेजियनमध्ये का म्हणत नाहीस विचारलं तर म्हणाली, आमचं वाक्य फार जड आहे, ते असं रोज फोनवर टाकता येत नाही. मला लगेच कळलं ती काय म्हणतेय. आईला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणायला माझीही जीभ वळत नाही, 'लव्ह यू आई' सहज निघतं.

---

ध्रुवतारा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

अगदी तेच, केतकी. 'यै एल्स्कर दै' हे वाक्य इथे जपून वापरतात. रोजच्यासाठी 'ग्लाद ई दै' असं सौम्य रूप आहे, आणि मुलांनी त्याच्या जोडीला इंग्रजी घेतलंय. शिव्यांचंही तसंच. स्वतःच्या भाषेतली शिवी लागते, इंग्रजीतली तितकी लागत नाही, म्हणून ती तोंडात लवकर येते.

---

शिशिर_ओस्लो | १० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

विरोधी मत मागितलंत म्हणून मोकळेपणाने लिहितो. मी चौदा वर्षं ओस्लोत आहे, मुलगी दहावीत. माझा बंदीला पाठिंबा आहे.

तुम्ही म्हणता मुलांच्या कानावर बाहेर भरपूर इंग्रजी पडतं. पडतं, पण कसलं? गेमच्या हेडफोनमधलं आणि मालिकांमधलं. माझी मुलगी अमेरिकन उच्चारात अर्धा तास न थांबता बोलते, पण तिला वर्तमानपत्रातला अग्रलेख दिला की दुसऱ्या परिच्छेदात थांबते. ओस्लो विद्यापीठात ग्लेन ओले हेलेक्येर यांनी २००५ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला होता. उच्च माध्यमिक संपवून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांच्या फार मोठ्या भागाला तिथली इंग्रजी पुस्तकं वाचणं जड जाईल, हा त्यांचा निष्कर्ष होता. इथे बोली इंग्रजी इतकी चांगली दिसते की सगळे निर्धास्त राहतात. विद्यापीठात क्रमिक पुस्तकं इंग्रजीत, पुष्कळ ठिकाणी पदव्युत्तर शिक्षणच इंग्रजीत. मग विचारपूर्वक, अवघड विषयावर इंग्रजी बोलायची सवय लागणार कुठे? आठवड्यातले ते मोजके तासच ना? त्यातही 'लिहिणार कोण' नॉर्वेजियनमध्ये ठरवायचं असेल तर उरलं काय?

आणि एक. मुलीच्या आधीच्या शाळेत शिक्षकच व्याकरण नॉर्वेजियनमध्ये समजावत, सूचना नॉर्वेजियनमध्ये देत. मुलांनी तेच उचललं. मोकळीक दिली की ती तेवढ्यावर थांबत नाही.

---

कृष्णाकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

ध्रुवताई, तुम्ही ज्या देशात बसून हा प्रश्न विचारताय त्याच देशात या विषयाचा एक पाया घातला गेलाय, आणि त्यातल्या एका अभ्यासकाचे पाय आमच्या सांगलीलाही लागले होते. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

उत्तर नॉर्वेत नूरलान प्रांतात हेम्नेसबर्गे नावाचं छोटं गाव आहे. यान-पेटर ब्लूम हे नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञ आणि जॉन गंपर्झ हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ यांनी तिथल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास केला, तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे इंग्रजीचा संबंध नव्हता. गावाची बोली आणि बूकमोल, म्हणजे नॉर्वेजियनचं प्रमाण रूप, या दोन्हींत लोक ये-जा कशी करतात हे त्यांनी पाहिलं. त्यांनी दिलेलं उदाहरण आपल्याला तलाठी कार्यालयात रोज दिसेल असं आहे. कचेरीत आलेला माणूस कारकुनाशी घरच्यांची ख्यालीखुशाली बोलीत करतो आणि कामाचं बोलणं निघालं की प्रमाण भाषेत जातो. शिक्षक औपचारिक व्याख्यान प्रमाण भाषेत देतात, पण मुलांनी मोकळी चर्चा करावी असं वाटलं की बोलीवर येतात. तुमची मंचावरची आणि पडद्यामागची भाषा ती हीच.

त्यातला मला सर्वात आवडलेला भाग कॉलेजच्या मुलांचा. गावची मुलं शिकायला बाहेर गेलेली, सुट्टीत घरी आलेली. आम्ही गावात बोलीच बोलतो, असं त्यांचं ठाम म्हणणं. पण गप्पा ध्वनिमुद्रित केल्या तर राजकारणासारखे विषय निघाले की त्यांच्या बोलण्यात प्रमाण रूपं येत होती. टेप ऐकवल्यावर ती चकित झाली आणि पुढे असं करणार नाही म्हणाली. म्हणजे भाषा बदलणाऱ्यालाच आपण बदलतोय याचा पत्ता नसतो.

पुढे ब्रित मेलुम यांनी १९९६ मध्ये या अभ्यासावर टीका केली. बोली आणि प्रमाण असे दोन स्वच्छ कप्पे प्रत्यक्षात नसतात, लोक एकेक रूप इकडून तिकडून घेतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते रास्त वाटतं. तुमच्या 'लिक्सॉम'वाल्या मुलाला विचारलं की तू आत्ता कोणत्या भाषेत बोललास, तर तो इंग्रजीच म्हणेल.

आता सांगली. हेच गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा लेख कुपवाडवर आहे. आज सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच महानगरपालिका आहे, तेव्हा ते वेगळं गाव होतं. तिथे जैन आणि लिंगायत कुटुंबांत कन्नड, मुसलमानांत उर्दू, शिवाय मराठी, आणि घरातून बाहेर पडलं की एकमेकांशी मराठी. शतकानुशतकं ही ये-जा चालल्यामुळे तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं, असं त्यांनी दाखवलं. पण भाषा मिसळून एक झाल्या नाहीत. कन्नड घरात कन्नडच राहिली. माझी आजी त्याच भागातली. चुलीपाशी कन्नड, दारात आलेल्या भाजीवालीशी मराठी, आणि मधल्या उंबऱ्यावर दोन्ही. तिला कधी कुणी गुण कापून शिकवलं नाही.

---

अनाहत | १० नोव्हेंबर, दुपारी २:०२

कृष्णाकाठ, प्रतिसाद वाचनखुणांत टाकलाय. कुपवाडचं माहीत नव्हतं.

---

ध्रुवतारा | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

कृष्णाकाठ, मनापासून आभार. टेपची गोष्ट डोक्यात ठेवतेय.

शिशिर, तुमच्या प्रतिसादातला मोठा भाग मला मान्य आहे. शिक्षकानेच सूचना नॉर्वेजियनमध्ये द्यायच्या हे मलाही चालत नाही, माझ्या सूचना पहिल्या दिवसापासून इंग्रजीत असतात. आणि गेममधल्या इंग्रजीने वाचन आपोआप पक्कं होत नाही हेही खरं, अर्थात त्याला अपवाद आहेत. लिस्बेथ ब्रेविक यांनी व्यावसायिक शाखेतल्या अशा मुलांचा अभ्यास केलाय ज्यांना नॉर्वेजियनपेक्षा इंग्रजी वाचणं चांगलं जमतं, आणि त्यात तासन्‌तास गेम खेळणारी मुलं होती. माझ्या वर्गातही असा एक आहे. नॉर्वेजियनच्या तासाला गप्प, इंग्रजीच्या तासाला फुललेला.

पण बंदीने तुमचा प्रश्न सुटत नाही, असं मला का वाटतं ते सांगते. मला कानाला ऐकू येणाऱ्या नॉर्वेजियनची भीती वाटत नाही, ऐकू न येणाऱ्या नॉर्वेजियनची वाटते.

एक मुलगी मला लिहिते, 'इव्हेंच्युअली आय कॅन कम ऑन फ्रायडे.' प्रत्येक शब्द इंग्रजी. पण तिच्या मनात आहे 'एव्हेन्टुएल्ट', म्हणजे 'जमलंच तर'. तिला म्हणायचंय जमलं तर शुक्रवारी येईन, वाचणाऱ्याला कळतं शेवटी शुक्रवारी येईनच. तसंच 'अक्टुएल', म्हणजे सध्याचा, प्रस्तुत, आणि मुलं लिहितात 'ॲक्च्युअल'. 'इट इज मेनी पीपल हिअर' हे वाक्य दर दुसऱ्या वहीत सापडतं, कारण नॉर्वेजियनमध्ये अशा वाक्याची सुरुवात 'दे' या शब्दाने होते आणि 'दे' म्हणजे 'ते' म्हणून मुलं 'इट' घालतात. क्रियापदाचंही तसंच. नॉर्वेजियनमध्ये मी, तू, तो, आम्ही, सगळ्यांना क्रियापदाचं एकच रूप. 'यै एर, दू एर, हान एर.' म्हणून चांगली मुलंही 'ही गो' लिहून जातात. लहान वर्गांत 'यस्टरडे वेंट वी' असंही येतं, कारण वाक्य काळाने सुरू झालं की नॉर्वेजियन क्रियापद लगेच दुसऱ्या जागी येऊन बसतं.

या सगळ्यात नॉर्वेजियनचा एक शब्दही कानावर पडत नाही. बंदी घातली तर 'का हेते' बंद होईल आणि हे सगळं तसंच राहील. उलट 'का हेते' असं मोठ्याने विचारलं गेलं तर मला दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिता येतात. गेल्या वर्षी आम्ही असा एक तास केला होता. एका बाजूला 'व्हिन्दौगे', न्यूनॉर्स्क या नॉर्वेजियनच्या दुसऱ्या लेखी रूपातला खिडकीचा शब्द, म्हणजे वाऱ्याचा डोळा, आणि दुसऱ्या बाजूला विंडो. मग क्नीव्ह आणि नाइफ, एग आणि एग. 'शी' म्हणजे नॉर्वेजियनमध्ये ढग, तोच शब्द व्हायकिंगांबरोबर इंग्लंडात जाऊन आकाश झाला, स्काय. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, म्हणजे इंग्रजीत आमचंच सामान आहे! त्या दिवसानंतर तो शब्दांचं मूळ विचारायला लागला. २०२० च्या अभ्यासक्रमात लहान वर्गांपासूनच इंग्रजी आणि मुलाला येणाऱ्या इतर भाषांतले समान शब्द शोधायला सांगितलंय. बंदी असलेल्या वर्गात ते शोधायचे कसे?

---

वाचनवेडा | १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

अवांतर: नॉर्वेजियन लोक इंग्रजी क्रियापदं नॉर्वेजियनमध्ये कशी बसवतात? आपण 'करणे' जोडतो. ब्लॉक केलं, डिलीट केलं.

---

ध्रुवतारा | १० नोव्हेंबर, रात्री ९:४१

ते थेट स्वतःचे प्रत्यय लावतात. गेमला 'गेमे', मग 'गेमर', भूतकाळ 'गेमा'. 'हान घोस्टा मै', त्याने मला उत्तर देणंच बंद केलं. नामांना लिंगही देतात, 'लिंकेन' पुल्लिंगी, 'टीमे' नपुंसकलिंगी, जसं आपण लिंकला 'ती' आणि ग्रुपला 'तो' म्हणतो. कुणी ठरवून दिलेलं नाही, तरी चुकत नाही कुणी. जुने इंग्रजी शब्द तर लिखाणातही नॉर्वेजियन झालेत. टफ आणि रफ हे 'तोफ', 'रोफ' असे त्यांच्या ओ-ला तिरकी रेघ असलेल्या अक्षराने लिहितात, आणि चिकटपट्टीला 'तैप'.

आणखी एक अवांतर, मराठी माणसाला आवडेल म्हणून. ओस्लोकडच्या आणि पूर्वेकडच्या उच्चारात र-नंतर न आला की त्याचा चक्क ण होतो. मूल म्हणजे 'बार्न', ऐकू येतं 'बाण'. शिवाय एक जाड ल आहे, हिंदीतल्या ड़-च्या जवळचा, तो आमच्या ट्रॉन्डेलागमध्येही ऐकू येतो. बर्गन, स्टावांगरकडे घशातला र असल्यामुळे हा ण नाही.

---

मिनेसोटाकर | ११ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

इथल्या बाजूचं थोडं. १८२५ पासून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन अमेरिकेत आले, त्यातले पुष्कळ मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, डाकोटाकडे. त्यांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द नॉर्वेजियन प्रत्यय लावून येत, आणि मायदेशातले लोक त्या भाषेला बिघडलेली म्हणत. ती बिघडलेली नाही, तिलाही नियम आहेत, हे सांगणारा माणूस त्यांच्यातलाच होता. आयनार हाउगेन, जन्म १९०६, आयोवातलं सू सिटी. आईवडील ओप्दालचे, म्हणजे ध्रुवतारा यांच्या दक्षिणेला काही तासांवरच्या गावचे. घरात ओप्दालची बोली, बाहेर इंग्रजी. १९५३ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या नॉर्वेजियनवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि 'कोड स्विचिंग', म्हणजे बोलता बोलता भाषा बदलणं, हा शब्दप्रयोग भाषाशास्त्रात आणणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्यांचं नाव घेतात.

इथल्या आपल्या मराठी मुलांना रविवारच्या शाळेत 'इंग्लिश नको' म्हणून ओरडताना मला हाउगेन आठवतात आणि मी थांबतो.

---

अबोली | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

ध्रुवतारा, मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. तेव्हा आम्हांला सांगितलं गेलं, अडलं तर मराठीत समजावून द्या. मी देत असे. 'ॲपल म्हणजे सफरचंद.' पहिलीतलं पोर माझ्याकडे बघत राही. त्याच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलत. सफरचंद हा शब्दही त्याला माझ्याच तोंडून पहिल्यांदा कळत होता. मला वाटायचं मी त्याला हात देतेय, प्रत्यक्षात मी त्याच्यासमोर एका नदीऐवजी दोन नद्या उभ्या करत होते. हे मला कळायला चार वर्षं लागली, आणि ते कळलं एका आईमुळे. ती शाळेत बसायला आली आणि मी मराठीत सांगितलेलं मुलांना पावरीत सांगू लागली. वर्ग एकदम बोलका झाला.

तुम्ही 'इंग्रजी की नॉर्वेजियन' असा प्रश्न मांडलाय. तुमच्या वर्गात सगळ्यांच्या घरी नॉर्वेजियनच बोलतात का?

---

शिशिर_ओस्लो | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

अबोलीताई, हा मुद्दा माझ्या घरातलाच आहे आणि मी तो लिहायला विसरलो. मुलगी तिसरीत असताना इंग्रजी शब्दांचे अर्थ नॉर्वेजियनमध्ये पाठ करायची, आणि काही शब्दांचं तिला इंग्रजीही यायचं, मराठीही यायचं, फक्त नॉर्वेजियन अडायचं. तिचे गुण त्यात जात.

---

ध्रुवतारा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल माझी वही पुन्हा काढली. सव्वीस मुलांत सात जणांच्या घरी नॉर्वेजियन नाही. नॉर्वेत स्थलांतरितांत सर्वात मोठा गट पोलंडच्या लोकांचा, माझ्या वर्गातही तीन मुलं पोलिश. शिवाय सोमाली आणि एरिट्रियातली तिग्रिन्या. मी ज्या गटाशेजारी बसले होते त्यात एरिट्रियाहून दोन वर्षांपूर्वी आलेला एक मुलगा होता. माझ्या एकतीस नोंदींत त्याची एकही नाही. त्याने त्या वीस मिनिटांत चार वाक्यं बोलली, चारही इंग्रजीत. मी वहीत त्याच्या नावापुढे 'छान' असं लिहून ठेवलंय. आता वाटतं की बाकीचे तिघं दर मिनिटाला नॉर्वेजियनमध्ये सरकत होते तेव्हा त्याला बोलायला जागाच नव्हती. मंच त्याला खुला होता, पडद्यामागे तो नव्हताच.

ही माझी चूक आहे आणि ती मोठी आहे. मोकळीक द्यायची तर ती सगळ्या भाषांना हवी. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये अशी पद्धत मांडली होती, एका भाषेत वाचायचं आणि दुसऱ्या भाषेत मांडायचं, मुद्दाम. त्याचा हेतू शॉर्टकट हा नव्हता. एका भाषेतलं दुसरीत आणायला आधी ते समजावं लागतं, हे त्यामागचं कारण. ते मी करून बघणार.

---

कृष्णाकाठ | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

ध्रुवताई, टेप लावूनच बघा. मुलांनाच ऐकू द्या.

---

ध्रुवतारा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

धागा वर काढतेय, कारण बैठक आज झाली.

आधी टेपचं. मुलांचे आवाज नोंदवायचे म्हणजे घरची परवानगी लागते, ती घेतली. प्रत्येक गटाने शाळेच्या टॅबवर स्वतःच नोंद केली, तासातच ऐकली आणि पुसून टाकली. ऐकण्याआधी मी विचारलं, किती वेळा भाषा बदलली असेल? बहुतेकांनी चार-पाच सांगितलं. प्रत्यक्षात कुठेच पंधराच्या खाली नव्हतं. हेम्नेसबर्गेच्या मुलांसारखीच तीही चक्रावली. पण 'पुढे करणार नाही' असं म्हणू नका, असं मी आधीच सांगितलं होतं. प्रत्येक ठिकाणी का बदलली तेवढं लिहा, म्हटलं.

एका मुलीने लिहून आणलं ते मी बैठकीत वाचून दाखवलं. तिचं निरीक्षण असं: मैत्रिणीचं म्हणणं पटलं नाही की प्रत्येक वेळी ती नॉर्वेजियनवर आली होती. पटलं तेव्हा इंग्रजी, पटलं नाही तेव्हा नॉर्वेजियन. तिने कारणही दिलं होतं. इंग्रजीत 'नो, दॅट्स राँग' म्हटलं की ते भांडणासारखं वाटतं, आणि नॉर्वेजियनमध्ये तिच्याकडे 'यू', 'दा', 'व्हेल' आहेत.

हे तीन शब्द म्हणजे नॉर्वेजियनचे ना, की, बरं. त्यांना स्वतःचा अर्थ जवळजवळ नाही. 'दे एर यू इक्के सांट, दा' म्हणजे 'अगं पण ते खरं नाहीये ना'. त्यातलं 'अगं पण' आणि 'ना' काढून बघा, वाक्य किती टोचतं. इंग्रजीत हे काम वेगळ्या रीतीने होतं, 'आय सी व्हॉट यू मीन, बट' किंवा 'आर यू शुअर अबाउट दॅट?' अशा लांब वळणाने. ते गेममध्ये कुणी बोलत नाही, म्हणून ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. नऊ वर्षं इंग्रजी शिकलेल्या, फडाफडा बोलणाऱ्या मुलीला इंग्रजीत नम्रपणे असहमत होता येत नव्हतं. आणि शिशिर, तुम्ही म्हणता ती विद्यापीठातली इंग्रजी हीच ना? बंदी घातली असती तर ती मुलगी बहुधा मैत्रिणीच्या प्रत्येक गोष्टीला 'येस' म्हणाली असती, आणि मी वहीत 'छान' लिहिलं असतं.

बैठकीत ठरलं ते असं. बंदी नाही. नाताळच्या सुट्टीपर्यंत तिन्ही वर्गांत करून बघायचं: गटकामाची पहिली दहा मिनिटं कुठल्याही भाषेत, आणि जिथे दोन मुलांची घरची भाषा एक आहे तिथे त्यांना एकत्र बसवायचं. मग पुढचा सगळा भाग इंग्रजीत, आणि गुण फक्त त्याचेच. अडलेले शब्द फळ्यावर, ज्या भाषेत अडले त्या भाषेत. शिक्षकांच्या सूचना मात्र कायम इंग्रजीत, हा शिशिर यांचा मुद्दा मी मांडला आणि तो एकमताने मान्य झाला. ज्या सहकाऱ्याचा बंदीचा प्रस्ताव होता त्याने एक अट घातली, जानेवारीत पुन्हा बैठक आणि पुन्हा चर्चा. मला ती योग्य वाटते.

---

शिशिर_ओस्लो | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मुलीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, बाबा, मी पण तुमच्याशी मराठीत वाद घालत नाही, तो नॉर्वेजियनमध्येच घालते. मी चौदा वर्षांत हे टिपलं नव्हतं. जानेवारीच्या बैठकीचं जरूर कळवा.

---

अबोली | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

आणि त्या एरिट्रियाच्या मुलाचं काय झालं?

---

ध्रुवतारा | २५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

अबोलीताई, त्याच्या भाषेचं वर्गात दुसरं कुणी नाही, म्हणून त्याने पहिली दहा मिनिटं एकट्यानेच तिग्रिन्यात टिपणं काढली, अख्खं पान भरून. मग गटात आल्यावर त्याने घरच्या भागातल्या दुष्काळाबद्दल इंग्रजीत सांगितलं, मध्ये थांबत, पण बरंच सांगितलं. शेतातल्या पाण्याच्या एका साठवणीला काय म्हणायचं ते त्याला इंग्रजीत येईना, नॉर्वेजियनमध्येही येईना. त्याने फळ्यावर जाऊन स्वतःच्या लिपीत शब्द लिहिला आणि शेजारी चित्र काढलं. इंग्रजी शब्द आम्ही अजून शोधतोय. फळा पुसू नका अशी चिठ्ठी मुलांनीच चिकटवली आहे.